गोलातल्या रेघा : विडी घरकुलातल्या क्षयरोग गटाच्या नोंदी

23 डिसेंबर 2024, सोमवार

जानेवारीपासून दर मंगळवारी गट घ्यायचा, हे आज पक्कं झालं. जागा सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका समाजमंदिराचा ओटा. आतली खोली मोठी आहे, पंखेही आहेत, पण खिडक्या दोनच आणि त्याही एकाच भिंतीला. क्षयरोगाचे पेशंट एकत्र बसवायचे तर वारा खेळता हवा, म्हणून ओटाच बरा. तिन्ही बाजूंनी उघडा, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्रा तापेल, त्याचं तेव्हा बघू.

कुणाला घ्यायचं यावर डॉक्टरांशी बसून बोलले. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षयरोग, औषधं सुरू होऊन निदान महिना झालेला, आणि चारचौघींत बसायला हरकत नाही असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलेलं. अशा नऊ बायका तयार झाल्या. सात विडी वळणाऱ्या, एक यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरणारी, एक शिवणकाम करणारी. सगळ्यात लहान 19 वर्षांची, सगळ्यात मोठी साठीची. सोबत अक्का आहेत. तीन वर्षांपूर्वी त्या स्वतः या आजारातून उठल्या, आता आमच्याबरोबर काम करतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

गेली चार वर्षं मी एकेकीशी बोलते आहे. घरी जायचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायची, सासूला समजवायचं. घरोघरी तीच वाक्यं कानावर येतात आणि प्रत्येकीला वाटतं, हे माझ्याच नशिबी. पलीकडच्या गल्लीत अगदी हेच चाललंय, हे मला माहीत असतं, पण बोलता येत नाही, कारण तिचं गुपित मी राखायचं असतं. म्हणून आता त्यांनाच समोरासमोर बसवायचं. एकेकटीशी बोलायला मी शिकले आहे. गट कसा चालवायचा ते या सहा महिन्यांत शिकायचं आहे.

या वहीत कुणाचं नाव येणार नाही.

28 डिसेंबर, शनिवार

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मॅडम पुण्याहून आल्या होत्या, पुढे दर पंधरवड्याला त्यांच्याशी फोनवर बोलायचं आहे.

एक गोष्ट ऐकून मी चकितच झाले. आजाराच्या पेशंटना एकत्र बसवून बोलतं करायची पद्धत 1905 मध्ये बोस्टनला सुरू झाली, आणि ती क्षयरोगाच्याच पेशंटसाठी. जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर होते. सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या गरीब पेशंटना ते आठवड्यातून एकदा बोलवायचे. तेव्हा औषध कुठलंच नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि पोटभर अन्न, एवढाच उपचार. प्रत्येकाने रोजची वही ठेवायची. ज्याचं वजन वाढलं त्याने बाकीच्यांना सांगायचं. सगळ्यांना एकदम शिकवता यावं एवढाच हेतू सुरुवातीला होता, पण एकत्र बसण्यानेच माणसं उभारी धरतात, हे प्रॅट यांच्या हळूहळू ध्यानात आलं.

घरी येताना बसमध्ये मी त्याच विचारात होते. आपल्याकडेही पूर्वी पेशंट सॅनेटोरियममध्येच जायचे, मिरजेजवळ वानलेसवाडीला तर लांबलांबून यायचे. मग 1950 च्या दशकाच्या शेवटी मद्रासच्या अभ्यासातून दिसलं की घरी राहून औषधं घेतली तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो. खाटा अडायच्या थांबल्या, लाखो लोकांची सोय झाली. पण सॅनेटोरियममध्ये शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच कुणीतरी खोकत असायचा. घरी माणूस बरा होतो, पण एकटाच बरा होतो. आपण ओट्यावर सतरंजी अंथरतोय ती त्या शेजारच्या खाटेसाठी, असं मला वाटायला लागलं आहे.

अक्कांसाठी एक काम ठरलं. कागदावर गोल काढायचा, जी जिथे बसली तिथे तिचा ठिपका. कुणी बोललं की ती ज्या व्यक्तीकडे बघून बोलली तिकडे रेघ ओढायची. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी माणसांतले संबंध असे ठिपके-रेघांनी मांडायची रीत घालून दिली, त्याचंच हे सोपं रूप. काय बोललं ते लिहायचं नाही, फक्त रेघ.

7 जानेवारी 2025, मंगळवार

पहिली बैठक. नऊपैकी सात आल्या. तोंडाला मास्क आणि त्यावरून पदर.

मी ओळख करून दिली, नियम सांगितले : इथलं इथेच राहील, बोलायची सक्ती नाही, कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. मग विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" गप्प. ते मला सोसलं नाही आणि मी आजाराची माहिती सांगायला लागले. सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, नागा झाली तर काय होतं, आहारासाठी सरकारकडून खात्यात महिन्याला येणारे 1000 रुपये. वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. त्यांनी माना डोलावल्या. शेवटी तिघींनी प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं मी दिली.

अक्कांनी कागद दाखवला. 41 रेघा, त्यातल्या 38 माझ्याकडे आलेल्या किंवा माझ्याकडून निघालेल्या. चाकाच्या आऱ्यांसारखं चित्र. मी मधला तुंबा, आणि त्या सातजणींत एकमेकींना जोडणारं जवळजवळ काहीच नाही. हे तर मी घरोघरी जाऊनही करत होते.

14 जानेवारी

कुणी आलं नाही. संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा. तारीख धरताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत सोलापुरात बैठक होत नसते.

21 जानेवारी, मंगळवार

वेळ बदलली. सकाळी विड्या जमा करून पानं-तंबाखू घेऊन यायचं, दुपारी पानं कापायची, म्हणून तीन ही वेळ कुणालाच सोयीची नव्हती. आता साडेचार. आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याचा दिवस मंगळवारी आला तर बैठक बुधवारी. हा नियम त्यांनीच केला आणि तोच पहिला नियम असा की जो सगळ्यांना पाठ आहे.

आठजणी होत्या. या वेळी मी ठरवून गेले होते : शांतता आली की मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे, त्याआधी तोंड उघडायचं नाही. तीस आकडे फार लांब असतात. सतराव्या-अठराव्याला कांड्या भरणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? लघवी लाल होती."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. रिफाम्पिसिन या औषधाने होतं, घाबरायचं नाही. ते गिळलं आणि विचारलं, "अजून कुणाला असं झालंय?"

एक हात वर आला, मग दुसरा, मग सगळेच. शिवणकाम करणारी म्हणाली की पहिल्या दिवशी तिला रक्तच वाटलं, नवऱ्याला न सांगता ती रात्रभर बसून होती. साठीच्या मावशींनी संडासात दिवा लावून पुन्हा पुन्हा बघितलं होतं. एकीने त्या भीतीने दोन दिवस गोळ्याच बंद ठेवल्या होत्या. बोलता बोलता कुणीतरी हसलं आणि मग सगळ्या हसल्या, मास्क खाली ओढून डोळे पुसेपर्यंत. मी औषधाचं नाव सांगितलं ते सगळ्यात शेवटी, एका वाक्यात.

आठ बायका, आठ घरं, आठ संडास, आणि प्रत्येकीने ती भीती एकटीने काढली. गटात काय काय गुण देतं याची अकरा कारणं अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञांनी मांडली आहेत. मॅडमनी ती फळ्यावर लिहिली होती. त्यातलं 'हे माझ्या एकटीचंच नाही' हे कळणं म्हणजे काय, ते आज मी डोळ्यांनी बघितलं. अक्कांच्या कागदावर पहिल्यांदा गोलातून आडव्या रेघा गेल्या.

28 जानेवारी, मंगळवार

आज ग्लासाचा विषय निघाला. मी काढला नाही.

सतरंजीवर पाण्याचा जग आणि स्टीलचे ग्लास ठेवले होते. विडी वळणाऱ्यांपैकी एक, जी अजून फारशी बोलली नव्हती, ती ग्लास हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या ग्लासला सासूबाईंनी खालून लाल नेलपॉलिश लावलंय. ठिपका. कुणी चुकून घेऊ नये म्हणून." बोलताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, पान वळतात तसं. मांडीवर सूप नव्हतं, तंबाखू नव्हता, तरी बोटं वळत होती.

पलीकडची म्हणाली, "आमच्यात ताट वेगळं. ताटाखाली माझं नाव कोरलंय. लग्नात आलेलं ताट आहे, नाव आधीपासूनच होतं. आता त्याच नावासाठी ते वेगळं ठेवतात."

यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आकडे मोजायची गरज पडली नाही.

नंतर मात्र मला बोलावंसं वाटलं आणि मी बोलले : हा आजार हवेतून पसरतो, ताट-ग्लासातून नाही, आणि औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. इथे गप्प बसणं चूक झालं असतं. माझ्यापुरता नियम असा ठरवला आहे : औषधाचा, आजाराचा खराखोटेपणा असेल तर सरळ आणि थोडक्यात सांगायचं. पण 'सासूशी काय बोलू', 'नवऱ्याला कसं सांगू' असा प्रश्न आला तर तो गटाकडे द्यायचा. तिथे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आणि तसंच झालं. मावशी म्हणाल्या, "सासूला इथं आण एक दिवस. मी तिच्याच वयाची. मी सांगते." पुढच्या महिन्यात घरच्यांची एक बैठक घ्यायची, हे त्यांनीच ठरवलं.

4 फेब्रुवारी

दोघी सारख्या तेलुगूत कुजबुजत होत्या. मला कळेना, मन अस्वस्थ. 'मराठीत बोला' असं सांगणार होते, तेवढ्यात अक्कांनी डोळ्यांनी थांबवलं. नंतर समजलं, त्यातली एक रात्रीच्या खोकल्याबद्दल सांगत होती आणि तिला त्याला दग्गु हाच शब्द येतो. लहानपणी आई ज्या शब्दाने पाठ चोळायची तो शब्द. यापुढे जिला ज्या भाषेत सुचेल तिने त्या भाषेत बोलायचं, अक्का बाकीच्यांना मराठीत सांगतील. वेळ जास्त लागेल. लागू दे.

11 फेब्रुवारी, मंगळवार

आजची चूक नीट लिहून ठेवते.

शिवणकाम करणारी बोलता बोलता रडायला लागली. मुलीला जवळ घेऊन झोपायची ती सवय सुटली, आता मुलगी आजीजवळ झोपते आणि हाक मारली तरी येत नाही. मी ताबडतोब उठले, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, "होईल सगळं नीट" म्हटलं. ती लगेच थांबली, डोळे पुसून म्हणाली, "बोला तुम्ही." विषय तिथेच तुटला.

मी उठले त्या क्षणी तिच्या शेजारची बाई तिच्याकडे सरकत होती. अक्कांनी ते बघितलं. माझा हात आधी पोचला, म्हणून तिचा थांबला. माझ्या पाण्याचा अर्थ 'आता पुरे' असा झाला. मला तिचं रडणं सोसवत नव्हतं, पाणी मी माझ्यासाठी दिलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. निरोपाच्या फेरीत एकजण सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "झोपेत गेले तर बरं." बाकीच्यांनी 'असं नको बोलू' म्हणून तोंड बंद केलं. सगळ्या गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं : जीव द्यायचे विचार येतात का, कधीपासून, काही ठरवलं आहे का. थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, हे मी एकेकीशी बोलण्याच्या कामातून जाणून होते, म्हणून हात थरथरला नाही. विचार येतात, ठरवलेलं काही नाही. तिच्या संमतीने बहिणीला बोलावून घेतलं, उद्या सिव्हिलमध्ये मनोविकाराच्या डॉक्टरांकडे दोघींबरोबर मी जाते आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बहिणीच्या मोबाइलमध्ये टाकून दिला, रात्री-अपरात्रीही उचलतात. गट म्हणजे सगळ्यावर इलाज नाही. कुठली गोष्ट गटात ठेवायची आणि कुठल्या गोष्टीसाठी उठून सोबत चालायचं, हेही गट चालवण्यात येतं.

18 फेब्रुवारी, मंगळवार

19 वर्षांची पोरगी आली नाही. सकाळी तिची आई भेटली ती रडतच. स्थळ आलं होतं, बोलणी पुढे गेली होती. मुलाकडच्यांना आजाराचं कळलं आणि निरोप आला, पुढच्या वर्षी बघू.

ते कळलं ते गटातून.

आज मी बैठक अर्ध्या तासात उरकली. कुणाला काही सांगितलं नाही, मलाच काय बोलावं ते उमगत नव्हतं.

20 फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमशी तासभर फोन. त्याआधी काल त्या पोरीकडे गेले होते. ती म्हणाली, "मी येणार नाही. माझं नाव घेऊ नका. पण झालं काय ते सांगा त्यांना." तिचे हे तीन हुकूम मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

कसं कळलं, तेही समजलं. आमच्यातलीच एक कारखान्याच्या ब्रँचवर विड्या द्यायच्या रांगेत बहिणीला म्हणाली, "आमच्याकडं एक पोरगी येते, काय गोड बोलते, एवढा आजार पण किती हिमतीची." बहीण मुलाच्या नात्यातली निघाली. वाईट कुणालाच करायचं नव्हतं. कौतुकातून झालं.

मॅडमनी मला धीर दिला नाही, ते बरं केलं. त्या म्हणाल्या, "इथलं इथेच राहील असं तू सांगितलंस. त्याचा अर्थ काय, ते विचारलंस का त्यांना?" नव्हतं विचारलं. गुपित म्हणजे चहाडी करायची नाही, एवढाच अर्थ त्या धरून होत्या. चांगलं बोलणंही बाहेर न्यायचं नाही, हे मी कधी फोडून सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी क्षयरोगावर वीस मिनिटं बोलले आणि या नियमाला एक ओळ दिली.

दुसरं, एकाच गल्लीतल्या तिघी मी एका गटात घेतल्या, कारण त्यांना यायला सोपं जाईल.

25 फेब्रुवारी, मंगळवार

जेवढं सांगायची परवानगी होती तेवढंच सांगितलं : आपल्यातल्या एकीबद्दल बाहेर बोललं गेलं, त्याने तिचं नुकसान झालं, ती आता येणार नाही. नियम समजावण्यात मी कमी पडले हेही सांगितलं. कुणाकडे बघितलं नाही, चपलांकडे बघत होते.

बराच वेळ गेला. मग ती स्वतःच बोलली. "मी बोलले बहिणीपाशी." पुढे तिला शब्द सुचेना.

कांड्या भरणारी भडकली. "आमचं पण सांगितलं असशील." दुसरी म्हणाली, मी पुढच्या वेळेपासून येत नाही. मला आत ओढ लागली होती की मध्ये पडावं, दोघींना शांत करावं. मॅडमचं वाक्य आठवलं : रागाला जागा दे, पण माणसाला घेरू देऊ नकोस. म्हणून दोनच वेळा बोलले. एकदा, "तुम्हाला राग आलाय तो तुमच्याबद्दल सांगा, तिच्या स्वभावाबद्दल नको." आणि एकदा, सगळ्या एकदम बोलायला लागल्या तेव्हा, "एकेकीने."

'येत नाही' म्हणणारी गेली नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी घरी नवऱ्याला सगळं सांगते इथलं. ते पण चूकच की." मग एकेक कबुली निघाली. कुणी जावेला, कुणी मुलीला. नाव न घेता, पण ओळखू येईल असं.

त्यानंतर पाऊण तास आम्ही नियम नव्याने बांधला, खऱ्या प्रसंगांवर. ब्रँचच्या रांगेत भेटलो तर ओळख द्यायची का? द्यायची, पण कुठून ओळखतो ते सांगायचं नाही, 'बचत गटातली' म्हणायचं का, तर नाही, खोटं नको, 'ओळखीची' पुरे. नवऱ्याने विचारलं काय झालं आज? 'माझं मी बोलले' एवढं सांगायचं. स्वतःची गोष्ट बाहेर न्यायला मोकळीक, दुसरीची नाही, कौतुकाचीसुद्धा नाही. हे मावशींनी बोलून दाखवलं, मी फक्त कागदावर उतरवलं.

त्या पोरीचं मात्र जे गेलं ते गेलं.

4 मार्च, मंगळवार

रमजान रविवारपासून सुरू झाला. गटात दोघी मुसलमान आहेत. एकीने रोजे धरलेत आणि गोळी कधी घ्यायची ते कुणालाच विचारलं नाही, कारण 'नको धरू' असं ऐकायचं नव्हतं. ती हे मला नाही, शेजारच्या तेलुगू बाईला सांगत होती. त्या बाईने विचारलं, "पहाटे उठता ना खायला? मग तेव्हा नाही का जमत?" दुसरी मुसलमान बाई म्हणाली, आजारी माणसाला रोजा माफ आहे, नंतर भरून काढता येतो. मी कुठलीच बाजू घेतली नाही. उद्या डॉक्टरांना विचारूनच ठरव, एवढं सांगितलं, आणि केंद्रावर तिच्याबरोबर कोण जाईल ते विचारलं. तेलुगू बाई जाते म्हणाली.

11 मार्च

पाण्याचा दिवस. बैठक बुधवारी. पाचच आल्या, पण छान झाली.

18 मार्च, मंगळवार

घरच्यांची बैठक. चार सासवा, दोन नवरे, एक भाऊ. मावशींनी बोलल्याप्रमाणे केलं. आधी कुणाच्या घरचं काही न काढता स्वतःचं सांगितलं, की वीस वर्षांपूर्वी त्यांच्या दिराला हा आजार होता तेव्हा त्यांनीच त्याचं ताट अंगणात ठेवलं होतं. तो त्या ताटाकडे कसा बघायचा ते सांगितलं. नवरे खाली बघत होते. लाल ठिपक्याच्या ग्लासच्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण जाताना सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. यापेक्षा जास्त अर्थ मी काढत नाही.

25 मार्च, मंगळवार

काल जागतिक क्षयरोग दिन होता. 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉक यांनी बर्लिनमध्ये या आजाराचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून तो दिवस. एका कार्यक्रमात आमच्या गटाला स्टेजवर बोलवायचं, फोटो काढायचे, असं आयोजकांच्या मनात होतं. महिन्यापूर्वी मी आनंदाने हो म्हटलं असतं. या वेळी गटाला विचारलं. सहाजणी नाही म्हणाल्या, एक हो. ती एकटी गेली, स्वतःची गोष्ट सांगून आली, गटाचा उल्लेख न करता.

8 एप्रिल, मंगळवार

पत्रा तापतोय, चाळिशीच्या वर पारा. बैठक साडेपाचला नेली, कडुनिंबाखाली.

विडी वळणाऱ्यांपैकी एकीने गोळ्या बारा दिवसांपासून बंद केल्यात. हे तिने स्वतःहून सांगितलं. चार महिने झाले, खोकला गेला, वजन चार किलोने वाढलं. "बरी झाले की मी."

माझ्या अंगावर काटा आला. चार महिन्यांवर सोडणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे : बरं वाटतं तेव्हा जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात, आणि जे उरतात ते औषधाला निगरगट्ट व्हायचा धोका असतो. एवढंच बोलले आणि थांबले.

मावशी म्हणाल्या, "मी पण अशीच सोडली होती. हा माझा दुसरा कोर्स आहे." आजवर त्यांनी हे सांगितलं नव्हतं, मलाही नाही. "तेव्हा मला कुणी विचारलं नाही का सोडली ते. सगळे ओरडले नुसते." आणि तिला विचारलं, "का सोडली गं?"

मी चार वर्षांत हा प्रश्न शेकड्याने विचारला असेल, पण माझ्या तोंडून तो जाब वाटतो. तिने खरं कारण सांगितलं. सकाळी गोळ्या घेतल्या की दोन तास मळमळतं, त्यात तंबाखूचा वास, ओकारी होते, हजाराच्या जागी सहाशे विड्या होतात. त्यात निवडताना छाट निघते ती वेगळीच. मजुरी हजारावर आहे. तिने हिशेब केला होता आणि तिच्या हिशेबात गोळ्या महाग पडत होत्या.

मग बायकांनी एकेक वाट काढली. कुणी रात्री घेते, डॉक्टरांना विचारून. कुणी गोळ्यांनंतरचे दोन तास पानं कापते, तंबाखूला हात लावत नाही. कांड्या भरणारी म्हणाली, "उद्या दहाला मी येते तुझ्याकडं, जाऊ केंद्रावर." तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

9 एप्रिल

गेल्या दोघी. डॉक्टरांनी तपासणी करून औषधं पुन्हा सुरू केली, वेळ बदलून दिली.

22 एप्रिल, मंगळवार

आजच्या कागदावर 63 रेघा. माझ्याकडच्या 14. अक्का म्हणाल्या, "आज चित्र चाकासारखं नाही, चारपाईच्या विणीसारखं दिसतंय."

दोन बायका अजूनही फक्त माझ्याशीच बोलतात. त्यांना ढकलायचं नाही. त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे त्यांना माझ्याकडे बघताना मान वळवून बाकीच्यांवरून नजर फिरवावी लागणार नाही, असं आधी करत होते. मॅडमनी उलटं सुचवलं : समोर बस. म्हणजे त्यांची नजर माझ्याकडे येताना सगळ्या गोलावरून येईल. पुढच्या वेळी करून बघते.

13 मे, मंगळवार

समोर बसले. एकीचं जमलं, दुसरीचं नाही.

'झोपेत गेले तर बरं' म्हणणारी आज शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन आली. डॉक्टरांकडे तिचं जाणं चालू आहे. सगळ्यांनी एका पातेल्यातून खाल्लं. लाल ठिपक्यावाली म्हणाली, घरचा ठिपका अजून आहे, पण आता सासूबाईही कधी कधी तो ग्लास घेतात.

3 जून, मंगळवार

ठरवलेला काळ संपला. चौघींचा कोर्स पूर्ण झाला, मावशींचे आणि बाकीच्यांचे थोडे दिवस उरले आहेत. 19 वर्षांची परत आली नाही. दर गुरुवारी मी तिच्या घरी जाते. तिच्या गोळ्या एक दिवस चुकलेल्या नाहीत. गटाबद्दल ती विचारत नाही, मी सांगत नाही.

पुढच्या गटासाठी : एका गल्लीतल्या दोघी एका गटात घ्यायच्या नाहीत, लांब पडलं तरी चालेल. पहिली अख्खी बैठक नियमांना, प्रसंग घेऊन. माहिती तिसऱ्या बैठकीपासून, विचारली तर. पाण्याचा जग माझ्याजवळ नको, गोलाच्या मधोमध, म्हणजे जिचा हात पोचेल तिने द्यावं.

नव्या गटात माझ्या जागी अक्का बसतील, कागद-पेन्सिल माझ्याकडे. कांड्या भरणारीला मदतीला यायचंय, तिच्या मागाची पाळी बघून सांगते म्हणाली. 10 तारखेला पाण्याचा दिवस आहे. बैठक बुधवारी, साडेपाच.